मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचें संकट आणि पोष ग्रंथि

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग सर्वांच्या बोलण्यांत रूढ आहेत. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगांव, खामगांव हे घाटाखालीं, पूर्णेच्या सपाटीवर. मुंबई-नागपूर लोहमार्ग जातो तो घाटाखालून; खुद्द बुलढाणा शहरास रेल्वे नाहीं. हृदयाची किंवा मेंदूची मोठी शस्त्रक्रिया करावयाची म्हटलें म्हणजे येथील पुष्कळ कुटुंबांना अकोला, छत्रपति संभाजीनगर, नागपूर, नाहीं तर थेट मुंबई गांठावी लागते. शस्त्रक्रिया यथासांग पार पडते, आठव्या-दहाव्या दिवशीं रोगी घरीं येतो आणि आप्तेष्ट समाचाराला येऊं लागतात. गड सर झाला अशी सर्वांची समजूत होते, आणि बहुधा ती खरीही असते. परंतु कांहीं थोड्या रोग्यांच्या बाबतींत याच सुमारास, किंवा त्याच्याही आधीं शस्त्रक्रियेच्या रात्रींच, एक असें संकट उभें राहतें कीं, ज्याचें मूळ जखमेंत नसतें, हृदयांत नसतें आणि फुप्फुसांतही नसतें. तें असतें मेंदूच्या तळाशीं, हरभऱ्याएवढ्या एका ग्रंथींत. ओळखलें तर त्यावरील पहिला उपाय अगदीं सोपा आहे. न ओळखलें तर रोगी कांहीं तासांत दगावूं शकतो.

या ग्रंथीला इंग्रजींत पिट्युइटरी म्हणतात; मराठी ग्रंथांतून पोष ग्रंथि किंवा पीयूषिका हीं नांवें आढळतात. तिचें वजन साधारण अर्धा ग्रॅम. नाकाच्या मुळामागें, कवटीच्या तळाच्या हाडांत, तुर्की खोगिरासारखी एक खोबण असते; तींत ती बसलेली असते. तिच्या अगदीं वरून दोन्ही डोळ्यांचे दृष्टितंतु एकमेकांस ओलांडून जातात, आणि दोन्ही बाजूंनीं डोळे फिरविणाऱ्या नसा जातात. हा शेजार ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील लक्षणें पाठ करावीं लागत नाहींत.

तिच्या कामाची कल्पना येण्यास कालव्यावरील पाटकऱ्याचें उदाहरण पुरेसें आहे. पाटकरी स्वतः शेत पिकवीत नाहीं. परंतु कोणत्या शेताला केव्हां व किती पाणी सोडावयाचें, हें त्याच्या हातीं असतें. पोष ग्रंथीच्या आज्ञेवरून गळ्यांतील अवटु ग्रंथि आपला स्राव सोडते, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथि कॉर्टिसॉल नांवाचा स्राव सोडतात, आणि जननेंद्रियांचें चक्र चालतें. शिवाय तिच्या मागल्या खंडांतून एक निराळा स्राव निघतो. शरीरांतलें पाणी मूत्रावाटें किती जाऊं द्यावयाचें, तें तो ठरवितो.

यांतील कॉर्टिसॉल हा शस्त्रक्रियेच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा. निरोगी माणसाचें शरीर एरवीं दिवसाकांठीं त्याचे थोडेसे मिलिग्रॅमच तयार करतें. पण पोट किंवा छाती उघडावयाची वेळ आली कीं, पोष ग्रंथि निकराची हांक देते आणि त्याचें उत्पादन कित्येक पटींनीं वाढतें. रक्तवाहिन्यांचा ताण टिकतो, रक्तांतील साखर टिकते, रोगी तो आघात सोसतो. ही हांकच आली नाहीं तर रक्तदाब घसरूं लागतो. सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या चढवूनही तो वर येत नाहीं. रोगी मलूल होतो, त्याला ओकाऱ्या येतात, कधीं ताप येतो, तो असंबद्ध बोलूं लागतो. आणि हीं सर्व लक्षणें रक्तस्राव, जंतुदोष किंवा हृदयविकार यांचींही असल्यामुळें वैद्याचें लक्ष प्रथम तिकडेच जातें. त्यांत त्याचा दोष नाहीं. तीं कारणें अधिक वेळां आढळतात. मात्र तीं शोधीत असतां या चौथ्या कारणाची आठवण राहिली पाहिजे.

हांक न येण्याचा सर्वांत नेहमींचा प्रकार म्हणजे ग्रंथि निद्रिस्त असणें, आणि ही निद्रा बहुधा औषधानें आणलेली असते. १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें संधिवाताच्या रोग्याला कॉर्टिझोन प्रथम देण्यांत आलें, आणि अंथरुणाला खिळलेलीं माणसें चालूं लागलेलीं पाहून जग थक्क झालें. १९५० सालचें नोबेल पारितोषिक याच कार्याला मिळालें. परंतु अवघ्या दोन वर्षांनीं, १९५२ सालीं, अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकांत एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध झाली. संधिवातासाठीं तो बरेच महिने कॉर्टिझोन घेत होता. सांध्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याचा रक्तदाब कोसळला तो पुन्हा वर आलाच नाहीं. शवचिकित्सेंत अधिवृक्क ग्रंथि सुकून गेलेल्या आढळल्या. कारण उघड होतें. औषध बाहेरून मिळत असतां पोष ग्रंथि आज्ञा देण्याचें थांबविते, आज्ञा थांबली कीं अधिवृक्क ग्रंथि आटत जातात, आणि ऐन प्रसंगीं त्या दोघींनाही जाग येत नाहीं.

पाऊणशें वर्षांपूर्वीची ही गोष्ट आजही महाराष्ट्राच्या कोणत्याही जिल्ह्यांत घडूं शकते. दमा, संधिवात, त्वचेचे विकार यांवर स्टेरॉइड हें फार मोलाचें औषध आहे आणि योग्य देखरेखीखालीं तें घेण्यांत गैर कांहीं नाहीं. गैर आहे तें हें कीं, चिठ्ठीशिवाय दुकानांतून आणलेल्या गोळ्या वर्षानुवर्षें चालू राहतात, आणि गुडघेदुखीवर रामबाण म्हणून हातोहात दिल्या जाणाऱ्या बिननांवाच्या पुड्यांतही पुष्कळदां हेंच द्रव्य मिसळलेलें असतें. घेणाऱ्याला वाटतें, आपण जडीबुटी घेत आहों. शस्त्रक्रियेपूर्वीं डॉक्टर विचारतात, ‘कांहीं औषध चालू आहे काय?’ आजोबा सांगतात, ‘नाहीं.’ या एका शब्दांत केवढा धोका भरलेला आहे! प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा महिनाभर पोटांत गेल्या असतील, तर ग्रंथि निद्रिस्त झाली असण्याचा संभव धरून चालावें, असा आजचा संकेत आहे. सांध्यांत घेतलेलीं इंजेक्शनें आणि दम्याचे जोरदार फवारे हेही सांगण्याच्या यादींत येतात. पुडी कसली आहे तें ठाऊक नसेल, तर ती पुडीच रुग्णालयांत न्यावी.

दुसरा प्रकार स्त्रियांचा आहे, आणि त्याचें मूळ कित्येकदां दहा-वीस वर्षें मागें असतें. गरोदरपणांत पोष ग्रंथि आकारानें वाढते, पण तिचा रक्तपुरवठा त्या मानानें वाढत नाहीं. प्रसूतीच्या वेळीं फार रक्तस्राव होऊन रक्तदाब पडला तर ग्रंथीचा मोठा भाग मरून जातो. हॅरॉल्ड शीहान या ब्रिटिश वैद्यानें १९३७ सालीं हें शवचिकित्सेवरून दाखवून दिलें आणि त्याच्याच नांवानें हा विकार ओळखला जातो. प्रसूतीनंतर अंगावर दूध न येणें, पाळी पुन्हा न सुरू होणें, कांखेंतील केंस विरळ होणें, थंडी न सोसणें, सदा थकवा असणें हीं त्याचीं चिन्हें होत. ‘बाळंतपणांत फार रक्त गेलें, तेव्हांपासून तिला बरें नाहीं’ असें घरांतील वडील बायका बोलून दाखवितात. पण तें निदान आहे, हें त्यांच्या किंवा इतर कोणाच्या लक्षांत येत नाहीं. काश्मीरमध्यें झालेल्या आणि २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, २० वर्षांवरील प्रसूत स्त्रियांपैकीं सुमारें ३ टक्के स्त्रियांत हा विकार आढळला, आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रियांचीं बाळंतपणें घरीं झालेलीं होतीं. अशी स्त्री रोजच्या कामांत कशीबशी तग धरते. पुढें पित्ताशयाची किंवा गर्भाशयाची शस्त्रक्रिया होते, शरीर कॉर्टिसॉलची मागणी करतें, आणि पाटावर पाणी सोडणारा कोणी नसतो. भुलींतून तिला लवकर जाग न येणें, रक्तदाब व साखर खालीं जाणें, रक्तांतील सोडियम उतरणें असा प्रकार सुरू होतो. तेव्हां शेवटच्या बाळंतपणाची हकीकत विचारणें हा शस्त्रक्रियापूर्व तपासणीचा भाग असावयास हवा. आणि कोणी विचारली नाहीं तरी सासूनें अगर आईनें ती आपण होऊन सांगावी.

तिसरा प्रकार सर्वांत नाट्यमय. पोष ग्रंथींत लहानशी निरुपद्रवी गांठ असणें हें मुळींच दुर्मिळ नाहीं. शवचिकित्सांत सुमारें दहांतील एकाच्या ग्रंथींत ती सांपडते, आणि हयातभर तिचा कांहींएक त्रास झालेला नसतो. पण एखादी गांठ मोठी असते, तिचा रक्तपुरवठा नाजुक असतो, आणि मोठ्या शस्त्रक्रियेंत रक्तदाब वरखालीं झाला कीं, तिच्या आंत रक्तस्राव होतो किंवा ती रक्तावांचून मरते व सुजते. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेंत रक्त यंत्रांतून फिरवावें लागतें आणि तें गोठूं नये म्हणून हेपारिन द्यावें लागतें. म्हणून त्या शस्त्रक्रियेनंतर हा प्रकार विशेष वर्णिलेला आहे. नितंबाच्या व गुडघ्याच्या सांध्यांच्या शस्त्रक्रियांनंतरही तो झालेला आहे. पीअर्स बेली यानें अशा रक्तस्रावाचें पहिलें वर्णन १८९८ सालीं केलें. त्यास पिट्युइटरी अपोप्लेक्सी हें नांव मिळालें १९५० सालीं. मराठींत त्याला पोष ग्रंथीचा आघात म्हणावयास हरकत नाहीं.

त्याचें रूप बहुधा असें. रोगी भुलींतून बाहेर येतो आणि एकाएकीं, जन्मांत कधीं दुखलें नव्हतें असें डोकें दुखूं लागल्याची तक्रार करतो. दुखणें डोळ्यांच्या मागें असतें. ओकाऱ्या होतात. एका डोळ्याची पापणी खालीं ओघळते, एकाच्या दोन वस्तु दिसतात, किंवा दोन्ही कडांचें दिसेनासें होतें. शेजारच्या नसा व दृष्टितंतु दाबले गेल्याचा हा परिणाम. थोड्याच वेळांत कॉर्टिसॉल आटल्यामुळें रक्तदाब उतरूं लागतो. अडचण अशी कीं, शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीं डोकें दुखल्याचें आणि अंधुक दिसल्याचें कोणाला फारसें नवल वाटत नाहीं. भुलीचा अंमल असेल, चष्मा नसेल, पाठींत दिलेल्या भुलीमुळें दुखत असेल, अशीं स्पष्टीकरणें तयार असतात. पाठींतील भुलीची डोकेदुखी उठून बसल्यावर वाढते आणि आडवें पडल्यावर उतरते. आघाताची डोकेदुखी आडवें पडूनही हटत नाहीं. आणि पापणी ओघळणें हें तर कोणत्याही नेहमींच्या डोकेदुखीचें लक्षण नव्हे. रोग्याजवळ रात्रीं बसलेल्या माणसाला हें प्रथम दिसतें. त्यानें तें परिचारिकेला तत्काळ सांगावें, सकाळच्या फेरीची वाट पाहूं नये.

आतां उपचारांकडे वळूं. संशय आला कीं प्रथम हायड्रोकॉर्टिझोनचें १०० मिलिग्रॅमचें इंजेक्शन शिरेंतून द्यावयाचें, आणि त्यानंतर २४ तासांत सुमारें २०० मिलिग्रॅम, सतत थेंबाथेंबानें किंवा दर ६ तासांनीं ५० मिलिग्रॅम याप्रमाणें. शक्य असल्यास इंजेक्शनापूर्वीं रक्ताचा नमुना काढून ठेवावा; त्यावरून मागाहून निदान पक्कें करतां येतें. पण त्या तपासणीचा निकाल येईपर्यंत इंजेक्शन अडवून ठेवणें म्हणजे घर जळत असतां पंचनाम्याची वाट पाहण्यासारखें आहे. निदान चुकीचें ठरलें तरी एक-दोन दिवसांच्या या मात्रेनें सहसा फारसें बिघडत नाहीं. त्यासोबत सलाईन व लागल्यास ग्लुकोज. हायड्रोकॉर्टिझोन हें दुर्मिळ किंवा महाग औषध नव्हे. तें राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादींत आहे. या संकटांत सर्वांत टंचाई असते ती औषधाची नव्हे, आठवणीची.

एक क्रम मात्र कटाक्षानें पाळावा लागतो. पोष ग्रंथि बंद पडली म्हणजे अवटु ग्रंथीचा स्रावही उतरतो, आणि रक्ततपासणींत तो कमी दिसला कीं थायरॉक्सिनची गोळी सुरू करण्याचा मोह होतो. कॉर्टिसॉलची भरपाई न करतां ती सुरू केली तर शरीराचा व्यवहार वेगानें चालूं लागतो, शिल्लक असलेलें थोडें कॉर्टिसॉल संपून जातें आणि संकट ओढवतें. म्हणून आधीं हायड्रोकॉर्टिझोन, मग थायरॉक्सिन. त्यानंतर मेंदूचें एम. आर. आय. चित्र. साध्या सी. टी. चित्रांत लहान आघात निसटूं शकतो, तेव्हां तें निर्दोष आलें म्हणून निश्चिंत होऊं नये. दृष्टि झपाट्यानें मंदावत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर नाकावाटें शस्त्रक्रिया करून ग्रंथीवरील दाब उतरवितात. दृष्टि शाबूत असेल तर पुष्कळांना केवळ औषधांवर ठेवून भागतें.

येथवर इतर शस्त्रक्रियांचा विचार झाला. पण शस्त्रक्रिया खुद्द पोष ग्रंथीचीच असेल तर? पुष्कळ गांठी आज नाकावाटें, बाहेर कोठेंही व्रण न ठेवतां काढतां येतात. रोगी चार-पांच दिवसांत घरीं जातो, आणि घाटावरच्या एखाद्या गांवीं परतलेल्या अशा रोग्याच्या घरच्या माणसांना जें ठाऊक असावयास हवें, तें येथें थोडें विस्तारानें सांगणें इष्ट आहे.

ग्रंथीच्या मागल्या खंडाला धक्का लागल्यामुळें पहिल्या एक-दोन दिवसांत पाणी राखणारा स्राव बंद पडूं शकतो. मग पाण्यासारखें फिकें मूत्र सुटूं लागतें; तासाला २५० मिलिलिटरहून अधिक, असें लागोपाठ दोन-तीन तास. रोग्याला अनावर तहान लागते. यास उदकमेह म्हणतात. साखरेच्या मधुमेहाशीं त्याचा नांवापुरताच संबंध. या अवस्थेंत पाणी तोडणें घातक. तहानेप्रमाणें पाणी आणि लागल्यास डेस्मोप्रेसिन हें औषध, हा उपाय. हें बहुधा रुग्णालयांतच घडतें, आणि मोजलेल्या मूत्रावरून कळूनही येतें. क्वचित् कॉर्टिसॉलच्या अभावीं उदकमेह झांकलेला राहतो आणि हायड्रोकॉर्टिझोन दिल्यावर उघड होतो. तेव्हां औषधानें नवा रोग आणला असें समजूं नये.

पुढें चौथ्यापासून दहाव्या दिवसापर्यंत, बहुधा सातव्याच्या सुमारास, चित्र उलटूं शकतें. दुखावलेल्या तंतूंत सांठलेला तोच स्राव आतां एकदम पाझरूं लागतो. मूत्र कमी होतें, पाणी अंगांत तुंबतें आणि रक्तांतील सोडियम पातळ होत जातें. रोगी या वेळीं घरीं असतो. त्याला मळमळतें, डोकें जड होतें, तो सुस्तावतो. घरचीं माणसें काय करतात? अशक्तपणा आहे म्हणून फळांचा रस, शहाळें, आणि एप्रिल-मे महिन्यांत घाटाखालीं ऊन मी म्हणत असलें म्हणजे, ‘पाणी भरपूर पीत जा’ असा आग्रह. प्रेमानें दिलेला प्रत्येक तांब्या या वेळीं सोडियम आणखी उतरवितो. मग झटके येतात, शुद्ध जाते. त्याच रोग्याला, त्याच ग्रंथीमुळें, आठवड्यापूर्वीं पाणी द्यावयाचें होतें आणि आतां आवरावयाचें असतें; हा फरक घरांतल्या अनुभवानें कळत नाहीं, रक्ताच्या तपासणीनेंच कळतो. म्हणून पुष्कळ शल्यविशारद घरीं सोडतांना सातव्या दिवसाच्या सुमारास सोडियम तपासावयास सांगतात, आणि कांहीं जण त्या आठवड्यापुरतें पाणी दीड लिटरच्या आंत ठेवावयास सांगतात. कागदाच्या तळाशीं लिहिलेली ही सूचना प्रवासाच्या गडबडींत वाचावयाची राहूं नये. ही तपासणी साधी आहे. तीसाठीं पुन्हा मुंबईस जावें लागत नाहीं, तालुक्याच्या अगर जिल्ह्याच्या गांवीं ती होते. सोडियम फार उतरलें असेल तर तें चढवितांनाही घाई चालत नाहीं. २४ तासांत साधारण ८ ते १० एककांपलीकडे तें वाढूं देत नाहींत, कारण एकदम वाढविल्यास मेंदूच्या मज्जातंतूंना कायमची इजा होते.

बुलढाण्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ सालीं सुरू झालें. शेजारीं अकोल्याचें २००२ पासून आहे. रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांक राज्यभर चालतो. पण राजूर घाट उतरून मलकापुरास, किंवा मेहकरहून अकोल्यास न्यावयाचें झालें तरी वेळ लागतोच. तेव्हां ज्याची पोष ग्रंथि बंद आहे हें पूर्वींच ठाऊक आहे, त्या रोग्याला हायड्रोकॉर्टिझोनचें पहिलें इंजेक्शन गांवांतल्या जवळच्या डॉक्टरांकडून देवूनच गाडींत घालावें. यासाठीं त्याच्या खिशांत एक चिठ्ठी असावी: विकाराचें नांव, रोजची गोळी व तिची मात्रा, ‘अपघात, बेशुद्धि, सततच्या ओकाऱ्या किंवा शस्त्रक्रिया असल्यास हायड्रोकॉर्टिझोन १०० मिलिग्रॅम ताबडतोब’ हें वाक्य, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दूरध्वनि. ताप आला तर रोजची मात्रा दुप्पट करावी, असें अशा रोग्यांना सामान्यतः शिकविलेलें असतें. गोळी ओकून पडत असेल तर इंजेक्शनावांचून गत्यंतर नाहीं. उपवासाच्या दिवशींही ही गोळी चुकवावयाची नसते.

संकट टळल्यावर सहा-आठ आठवड्यांनीं ग्रंथीचा प्रत्येक स्राव पुन्हा तपासतात. कॉर्टिसॉलसाठीं रक्त सकाळीं ८ च्या सुमारास काढावें लागतें, कारण त्याची रोजची भरती तेव्हां असते. दृष्टिक्षेत्राचीही मोजणी होते. कांहीं रोग्यांची ग्रंथि हळूहळू सांवरते आणि गोळ्या कमी करतां येतात. शीहानच्या विकारांतल्या स्त्रियांना मात्र त्या बहुधा जन्मभर घ्याव्या लागतात. पण घेऊं लागल्यावर महिन्या-दोन महिन्यांत अंगांत जी हुशारी येते, ती पाहून घरच्यांनाच आश्चर्य वाटतें.